थोड्या मोजणीत पुरे चित्र

घरात कुणाला एमआरआय सांगितला, की पहिला प्रश्न येतो, ‘आत किती वेळ राहावं लागेल?’ त्या अरुंद, खडखडणाऱ्या बोगद्यात वीस-तीस मिनिटे न हलता पडून राहणे थोरांनाही जड जाते. लहान मुलांना तर कित्येकदा भूल द्यावी लागते.

इतका वेळ का लागतो? आपण समजतो, यंत्र आतला फोटो काढते. तसे नाही. मोठ्या चुंबकात शरीरातील हायड्रोजनचे अणू बारीक संकेत देतात. यंत्र ते टप्प्याटप्प्याने मोजते आणि त्या आकड्यांवरून संगणक हिशेबाने चित्र रचतो. मोजणी चालू असताना रुग्ण हलला, की चित्र बिघडते.

मग मोजणीच कमी केली तर? मोबाइलमध्ये फोटो साठवताना त्यातली बरीच माहिती गाळली जाते, तरी अम्मीचा चेहरा ओळखू येतोच. जे शेवटी गाळायचेच, ते सगळे मोजायचे कशाला? 2006 साली एमान्युएल कँडेस, जस्टिन रॉम्बर्ग व टेरेन्स ताओ यांनी, आणि स्वतंत्रपणे डेव्हिड डोनोहो यांनी दाखवले, की विखुरलेल्या थोड्या मोजण्यांवरूनही पुरे चित्र उभे करता येते. 2007 मध्ये मायकेल लस्टिग आणि सहकाऱ्यांनी ही रीत एमआरआयला लावून दाखवली. आज ती अनेक नव्या यंत्रांत आहे. मोजणी कमी, म्हणून वेळही कमी.

अशा हिशेबाच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकातील बगदादचे गणिती अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला. त्याचा अभिमान जरूर बाळगू. पण आपल्या मुलामुलींनी गणितापासून पळू नये, हे त्याहून मोलाचे.

मात्र संगणकाच्या चित्रावर डोळे मिटून भरवसा नको. मशीनला शिकवून चित्र रचण्याच्या काही नव्या पद्धतींत बारीक दोष पुसला जाऊ शकतो किंवा नसलेला दिसू शकतो, हे 2020 मधील एका अभ्यासाने दाखवले. म्हणून चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांची नजर हवीच.

आपण काय करावे? मुलाला नेताना विचारावे, ‘लवकर होणाऱ्या स्कॅनची सोय आहे का? भूल टाळता येईल का?’ एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, ती भीती सोडावी. पण चुंबक जबरदस्त असतो. पेसमेकर किंवा शरीरातील धातूची पट्टी आधीच सांगावी. दागिने, हिजाबच्या पिना आणि धातूच्या डबीतला तावीज बाहेर काढून ठेवावा. दुआ करावीच, सोबत ही खबरदारीही घ्यावी.