मूळ टिपणे कोठे आहेत?

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांतून हल्ली एखादी कन्या, स्नुषा किंवा पुतण्या एम. ए., एम. एस्सी. होऊन संशोधनाच्या मार्गास लागलेला आढळतो. घरातील वडील मंडळींस त्याचे कौतुक असते. प्रबंध कधी पुरा होणार, पदवी केव्हा मिळणार, याची विचारपूसही होते. परंतु ज्या टिपणांवर, मोजमापांवर व मुलाखतींवर तो प्रबंध उभा राहावयाचा, ती कोठे व कशी ठेविली आहेत, हे सहसा कोणी विचारीत नाही. विचारल्यास बहुधा एकच उत्तर मिळते : एका संगणकात, आणि फार तर त्याच पिशवीतील पेनड्राइव्हमध्ये. या सामग्रीच्या जपणुकीचे शिक्षण आमच्या तरुण संशोधकांस घरबसल्या, ऑनलाइन, कसे देता येईल, याचा विचार वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रबंध पुरा झाला की मूळ सामग्रीचे काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती घातक आहे, हे एका थोर संशोधकाच्या उदाहरणावरून दिसेल. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो वाईस हाती आलेल्या कागदपत्रांच्या बळावर. मूळ कागदावाचून इतिहास लिहू नये, हा आग्रह त्यांनीच महाराष्ट्रात रुजविला. त्याच राजवाड्यांनी इ. स. १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी संपादून छापिली व तिच्या आधारे जुन्या मराठीचे व्याकरणही लिहिले. पुढे त्या पोथीच्या प्राचीनतेविषयी विद्वानांत वाद माजला. परंतु तो मिटविण्यास जी पोथी डोळ्यांखालून घालावयास हवी, तीच आज उपलब्ध नाही. छापील ग्रंथ आहे, संपादकाची विद्वत्ताही निर्विवाद आहे; मात्र शंकेचे निरसन करणारा साक्षीदार नाहीसा झाला आहे. राजवाड्यांसारख्यांच्या कामाची जेथे ही स्थिती, तेथे आजच्या विद्यार्थ्याची कथा काय?

सामग्री नुसती टिकून भागत नाही, ती लाविलेलीही असावी लागते. मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) हे हायस्कुलात संस्कृत शिकवीत. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तरांतील मोडी पत्रे वाचली, कालानुक्रमाने लाविली, त्यांस क्रमांक दिले, प्रसंगांची माहिती जोडिली आणि इ. स. १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने ती प्रसिद्ध केली. शास्त्रीबोवांस संगणक ठाऊक नव्हता; पण आज ज्यास ‘डेटा व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव आहे, त्याचे सार त्यांच्या कामात पुरेपूर आहे.

मग नव्या शिक्षणात शिकवावयाचे काय? आमच्या मते मुख्य गोष्टी चार.

पहिली, नाव. ‘शेवटचा’, ‘अगदी शेवटचा’, ‘नवा शेवटचा’ अशा नावांच्या फाइलींतून खरा शेवटचा कोणता, हे सहा महिन्यांनी कर्त्यासही सांगता येत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यापुढे गाव व विषय, असे नाव दिल्यास फाइली आपोआप क्रमाने लागतात.

दुसरी, वर्णन. सांगलीकडील हळदीच्या उत्पन्नाचा तक्ता आहे. त्यात ‘२५’ असा आकडा आहे. हे क्विंटल एकरी की हेक्टरी? हळद ओली की वाळलेली? हे जोडपत्रात लिहिले नसेल, तर तो आकडा मुका होय.

तिसरी, प्रती. एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी परगावी असावी. इ. स. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीस कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेले. धोक्याची खूण आहे ४५ फुटांची. इ. स. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा वेळी एकाच कपाटातील वही, संगणक आणि पेनड्राइव्ह ही तिन्ही एकाच पाण्यात जातात.

चौथी, विश्वास. ज्या बायाबापड्यांनी आपल्या घरचे दुःख मुलाखतीत सांगितले, त्यांची नावे काढून सांकेतिक क्रमांक घालावेत, आणि नावांची यादी निराळी, कुलपात ठेवावी. कासच्या पठारावरील दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागाही सर्वांस उघड करू नये. नाहीतर संशोधनच तिच्या नाशास कारण व्हावयाचे.

हे सर्व ऑनलाइनच का शिकवावे? सातारा, सांगली व कोल्हापूर हे जिल्हे इ. स. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत वाढले. जत किंवा पाटण तालुक्यात नोकरी करणाऱ्या शिक्षकास, अथवा तान्हे मूल असलेल्या सुनेस, वरचेवर कोल्हापूर गाठणे सोपे नसते. एका दिवसाच्या व्याख्यानातील उपदेश तर घरी पोहोचेपर्यंत अर्धा विसरतो. स्कॉटलंडातील एडिंबरो विद्यापीठाने इ. स. २०११ मध्ये याच विषयाचा ‘मंत्रा’ नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पदव्युत्तर संशोधकांसाठी सिद्ध केला. तो कोणासही विनामूल्य पाहता येतो, आणि मूळ कर्त्यांचा निर्देश करून आपल्या गरजेप्रमाणे त्याची फेरमांडणी करण्याची मोकळीकही आहे. आपल्याकडे इ. स. २०१७ पासून ‘स्वयम्’ हे सरकारी ऑनलाइन शिक्षणपीठ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने इ. स. २०१९ च्या अखेरीस पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशननीतीचा ३० तासांचा अभ्यासक्रम आवश्यक ठरविला. पुरे झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात ठेविले जातात. पाया असा घातलेला आहे. प्रबंधामागील मूळ नोंदी जपण्याचा हात बसेल, असे पाठ त्यावर रचावयाचे आहेत.

काही जण म्हणतात, यात शिकविण्यासारखे काय आहे? शहाण्यास हे आपोआप सुचते. आमचा शाळेतील अनुभव निराळा आहे. स्वच्छ लिहावे हे प्रत्येक मुलास ठाऊक असते, पण कित्ता गिरविल्यावाचून अक्षर सुधारत नाही. म्हणून पाठ अर्ध्या तासाहून मोठा नसावा, साध्या मोबाइलवर चालावा, मराठीत असावा, आणि प्रत्येक पाठाअंती विद्यार्थ्याने स्वतःच्याच सामग्रीवर अभ्यास करावा. शंका विचारावयास एक जिवंत शिक्षक असावा. परीक्षाही सोपी आहे : आपली फाइल दुसऱ्या गावच्या सहाध्यायास द्यावी, त्यास काही न विचारता तिचा अर्थ लागला, तर विद्यार्थी उत्तीर्ण.

इंग्रजी पाठ असताना मराठीचा अट्टहास कशास, असेही कोणी विचारतील. आमच्या मुलांनी नोंदविलेली वचने शेतकऱ्यांची, विणकरांची, वारकऱ्यांची आहेत. ‘वाटा’, ‘खंड’, ‘बलुते’ या शब्दांचे वर्गीकरण कसे करावे, हे एडिंबरोचा पाठ सांगू शकत नाही.

अभ्यासक्रम होईल तेव्हा होवो. घरच्या मंडळींस आजच करण्याजोगे काही आहे. आपल्या एकत्र कुटुंबांचा येथे फार उपयोग आहे. सांगलीच्या मुलीची एक प्रत साताऱ्यास काकांच्या कपाटात राहू द्यावी, आणि तेथील पुतण्याची सांगलीस आत्याकडे, माडीवर. नावांची यादी मात्र ज्याची त्याने आपल्याजवळच ठेवावी. दर दिवाळीस भेट होते, तेव्हा जुनी प्रत घेऊन नवी द्यावी व ती उघडते की नाही हे तेथेच पाहावे. आणि प्रबंध कधी संपणार असे विचारण्यापूर्वी वडील माणसांनी एवढेच विचारावे : मूळ टिपणे कोठे आहेत?