समुपदेशकाचा पाठीराखा
(खाजगी व्यवसायास पर्यवेक्षणाची जोड)

आपल्या समाजातील मुलेमुली पूर्वी वकिली, वैद्यकी, बँक किंवा सरकारी नोकरी या ठरलेल्या वाटांनी जात. अलीकडे मानसशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा देऊन समुपदेशनाकडे वळणारी नावेही शिष्यवृत्तीच्या यादीत दिसू लागली आहेत. पदवी हाती येते, दारावर पाटी लागते, आणि मग बंद खोलीत एक दुःखी माणूस व आपण असे दोघेच उरतो. त्या वेळी नवशिक्याच्या पाठीशी कोण? पर्यवेक्षण ही सोय त्यासाठी आहे. बडोद्यात मी हा व्यवसाय बरीच वर्षे करीत असून त्यास पर्यवेक्षणाची जोड दिल्याला आता सहा वर्षे झाली. त्या अनुभवातील काही गोष्टी वाचकांपुढे ठेवावयाच्या आहेत.

वकिलाचा ज्युनिअर कोर्टात वरिष्ठांबरोबर उभा असतो, गवयाचा शिष्य तंबोरा घेऊन मागे बसतो. आमच्याकडे तसे जमत नाही, कारण तिसरे माणूस खोलीत आले की येणारा मोकळेपणाने बोलत नाही. म्हणून शिकाऊ समुपदेशक आठवड्यातून वा पंधरवड्यातून एकदा वरिष्ठांकडे येतो आणि आपण काय ऐकले, काय बोललो व कोठे अडलो ते सांगतो. ही रीत जुनीच आहे. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचा दवाखाना निघाला. तेथे मॅक्स आयटिंगॉन प्रभृतींनी विद्यार्थ्याने आपल्या रुग्णांविषयी वरिष्ठांशी नियमित चर्चा करणे हे शिक्षणाचे आवश्यक अंग ठरविले. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या मोठ्या संघटनेत तर मुरलेल्या सभासदालाही महिन्यास किमान दीड तास पर्यवेक्षण घ्यावे लागते. आपल्याकडे खाजगी समुपदेशकावर असे कायद्याचे बंधन नाही. ज्याला गरज वाटेल तो येतो. ज्याला सर्वांत अधिक गरज असते तो बहुधा येत नाही.

हे काम सुरू करणाऱ्याने प्रथम एक भ्रम टाकावा. चांगला समुपदेशक हा आपोआप चांगला पर्यवेक्षक होत नाही. पहिले काही महिने मी समोर बसलेल्या मुलीच्या रुग्णावरच मनातल्या मनात उपचार करीत असे आणि तिला उत्तरे सांगून मोकळी होई. ती उत्तरे लिहून घेई, पण पुढच्या खेपेस पुन्हा तेथेच अडे. शिवाय ती मला मावशी म्हणे. मलाही ते गोड वाटे. पण मावशीला आपल्या चुका कशा सांगावयाच्या, म्हणून ती फक्त यशाच्याच कथा आणी. हे ध्यानात येण्यास मला अर्धे वर्ष लागले.

आता पहिल्याच भेटीत लेखी करार होतो. वेळ, फी, भेट चुकल्यास काय, टिपणे कोणाजवळ राहतील, अडीअडचणीला रात्री फोन करावा की नाही, हे सारे त्यात येते. पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून नाव लागण्यास मान्यताप्राप्त संस्थेतील शिक्षण लागते. माझ्याकडील तास तेथे चालणार नाहीत, हेही स्पष्ट सांगते. कोणाचे पालक गैरसमजाने पैसे भरून बसू नयेत.

खरी अडचण आहे ती आपल्या समाजाच्या लहानपणाची. एकदा एक शिकाऊ तरुण नाव न घेता सांगू लागला : पन्नाशीचे गृहस्थ, दांडिया बाजारात जुने घर, भावांचा वाटणीचा दावा, धाकटीचे लग्न मोडलेले. चौथ्या वाक्याला मी त्यांना ओळखले. त्यांच्या घरी मी हळदीकुंकवाला जाते. मी त्याला तेथेच थांबविले, कारण सांगितले, आणि ते प्रकरण दुसऱ्या शहरातील पर्यवेक्षकाकडे सोपविण्यास लावले. तेव्हापासून नियम केला आहे की नाव तर नाहीच, पण पेठ, धंदा व नातीही बदलून सांगावीत. आणि आपला समुपदेशक वरिष्ठांचा सल्ला घेतो हे येणाऱ्याला आरंभीच सांगून त्याची संमती घ्यावी. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने गुप्तता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. सवाष्णीच्या जेवणात निघालेली गोष्ट कोणत्या खोलीतून निघाली, हे आपल्याकडे कोणी विचारीत नाही. त्या गृहस्थांना मात्र पुन्हा मदत मागण्याचा धीर होणार नाही.

गुप्ततेला अपवाद आहेत. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर गप्प बसता येत नाही. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास २०१२ च्या कायद्याच्या १९ व्या कलमान्वये पोलिसांना कळविणे कोणाही व्यक्तीवर बंधनकारक आहे. त्यातून पर्यवेक्षकही सुटत नाही. ‘ते त्याचे प्रकरण, मी फक्त ऐकले’ असे म्हणून चालत नाही. म्हणूनच हे काम केवळ अधिक उत्पन्न म्हणून अंगावर घेऊ नये. उत्पन्न तसे वाढतही नाही, कारण पर्यवेक्षणाचा एक तास म्हणजे स्वतःच्या एका रुग्णाचा तास कमी. मला मात्र दुसरा लाभ झाला. दिवसभर एकटीने दुःख ऐकण्याचा जो शीण येई, तो दुसऱ्याची धडपड पाहून बराच हलका झाला.

मंगळवार व शुक्रवार संध्याकाळ मी या कामाला ठेवली आहे. एका वेळी तिघांहून अधिक घेत नाही. आणि महिन्यातून एकदा मीही पुण्यातील एका ज्येष्ठ बाईंपुढे, फोनवर का होईना, माझी वही उघडून बसते. त्यांना मी फी देते, आणि मावशी म्हणत नाही.