खदान बंद झाली, मग तिथे गळ टाकायची परवानगी कुणाची?

एपिसोड ऐकायला वेळ नाही, पण लोकलमध्ये वाचायला जमतं, अशांसाठी हा मजकूर. थोडा साफसूफ केलाय, बोलणं मात्र तसंच ठेवलंय.

कांदिवली पूर्वेच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. "दादा, आमच्या मागे बंद पडलेली दगडाची खदान आहे. बारमाही पाणी असतं, तिलापिया मिळतो. कधी वॉचमन हाकलतो, तर कधी तोच आमच्या बाजूला गळ टाकून बसतो. नक्की नियम काय आहे?"

प्रश्न साधा वाटतो. मी उत्तर शोधायला बसलो आणि दोन दिवस त्यातच गेले.

आधी ही खदान आली कुठून ते बघू. मुंबई काळ्या बसाल्टवर बसलेली आहे. आपले रस्ते, इमारतींचं काँक्रीट, रेल्वेखालची खडी, सगळ्याला हाच दगड लागतो. म्हणून उपनगरातल्या डोंगरांच्या कडेने जागोजागी सुरुंग लावून डोंगर फोडले गेले. अंधेरीचा गिल्बर्ट हिल बघितला असेल. सुमारे २०० फूट उंच, सरळसोट खांब. आजूबाजूचा दगड नेला म्हणून तो इतका एकटा दिसतो. पण माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, त्यामुळे तिथे पायऱ्या आहेत आणि लोकांची ये-जा आहे. देवी नसती तर तिथेही पत्र्याचं कुंपण आणि "प्रवेश बंद"चा बोर्ड दिसला असता, असं मला राहून राहून वाटतं.

डिसेंबर २०१६ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर झाला. त्या पट्ट्यात व्यावसायिक दगडखाणीला मनाई आहे. बोरिवली आणि मुलुंड ह्या उद्यानाच्या दोन बाजू, त्यामुळे तिथे नवीन खदान विसराच. पण जुने खड्डे कुठे जाणार? पाऊस पडतो, खड्डा भरतो, कुणीतरी मासे सोडतं आणि गुगल मॅपवर एक निळा ठिपका उमटतो, बिननावाचा.

आता नियम. शिकारीचं उत्तर एका वाक्यात: नाही म्हणजे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यातली शिकारीची व्याख्या खूप मोठी आहे. बंदूकच हवी असं नाही. फासा लावणं, सापळ्यात पकडणं, नुसता प्रयत्न करणं, पक्ष्यांची अंडी उचलणं, हे सगळं शिकारच. खदानीच्या कडेला घोरपड दिसली आणि पकडली, तर ती पहिल्या अनुसूचीतली आहे, शिक्षा ३ ते ७ वर्षं. "पण जंगलाच्या हद्दीबाहेर होती ना?" हा बचाव चालत नाही. संरक्षण त्या प्राण्याला आहे, मग जागा कुणाचीही असो.

मासेमारीचं मात्र गुंतागुंतीचं आहे. राज्यातले बरेच तलाव ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिले जातात, म्हणजे कुणाला विचारायचं ते ठरलेलं असतं. पवई तलावावर गळाची मासेमारी करणाऱ्यांची जुनी संघटना आहे, महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन. खदानीचं काय? खाणपट्टा हा दगड काढायचा हक्क. त्यात माशांचा विचारच नाही. पट्टा संपला की जमीन खाजगी असेल तर मालकाची, सरकारी असेल तर सरकारची. मालक हाकलू शकतो. सरकारी जागेत "इथे बसा" असं कुणी सांगत नाही आणि "बसू नका" हे सांगायला रोज कुणी येत नाही. म्हणून आपल्या मित्राचा वॉचमन कधी पोलीस होतो, कधी पार्टनर.

एक गोष्ट मात्र कुठेही चालत नाही. पाण्यात स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारणं हा १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

आता जरा नीट ऐका, म्हणजे वाचा. तलावाला काठ असतो, खदानीला कडा असते. तलावात पाणी घोट्याला, मग गुडघ्याला, मग कमरेला लागतं. खदानीत एक पाऊल दगडावर आणि पुढचं थेट खोलात. दगड पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला असतो, शेवाळामुळे हात ठरत नाही, पोहता येणाऱ्यालाही बाहेर यायला जागा सापडत नाही. दर पावसाळ्यात उपनगरातल्या खदानीत मुलं बुडाल्याची बातमी येते आणि पुष्कळदा एकाला वाचवायला गेलेला दुसराही त्यात असतो. कुणी पडलं तर उडी मारू नका. दोरी, ओढणी, लांब काठी, बूच लावलेला रिकामा कॅन, जे मिळेल ते फेका आणि १०१ किंवा ११२ लावा.

मग लोकांना बंदी घालून कुंपण मारायचं, हाच उपाय का? दुसरीकडे काय केलंय ते बघा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका वीज कंपनीने कोळसा काढून झालेली हजारो एकर जमीन कित्येक वर्षं लोकांना फुकट परमिटवर दिली होती. तंबू टाका, मासे पकडा, हंगामात शिकार करा. पुढे त्यातली बरीच जमीन राज्याने घेतली आणि २०१८ मध्ये तिथे जेसी ओवेन्स यांच्या नावाने स्टेट पार्क सुरू झालं. तिथली शिकार आपल्याकडे शक्य नाही आणि नसावीच. पण परमिट म्हणजे कोण आलंय, कुठे जायचं आणि जबाबदार कोण, हे तिन्ही कागदावर आलं. शिवाय तिथे १९७७ च्या कायद्यामुळे काढलेल्या दर टन कोळशामागे पैसे कापले जातात आणि ते जुन्या, बेवारस खाणी दुरुस्त करायला वापरतात.

इतकं लांब जायचं नसेल तर कोल्हापूरला चला. रंकाळ्याजवळची इराणी खण ही जुनी दगडाची खाण. गणपती विसर्जनाला महापालिका तिथे क्रेन आणि बॅरिकेड लावते. म्हणजे खाणीच्या पाण्यावर लोकांना सुरक्षित नेता येतं. वर्षातून काही दिवस जमतं, तर इतर दिवशीही जमायला हवं. एका बाजूला उतार, चार-सहा ठिकाणी लोखंडी शिड्या, टांगलेल्या ट्यूब आणि गळवाल्यांसाठी कठड्याचा ओटा, एवढंच तर लागतं.

तर कांदिवलीच्या मित्रा, तुझ्यासाठी कामाची गोष्ट. त्या जागेचा सीटीएस नंबर काढ. महाभूमीच्या साइटवर मिळकत पत्रिकेवर मालकाचं नाव दिसेल. महापालिकेच्या विकास आराखडा २०३४ मध्ये तो प्लॉट मोकळ्या जागेसाठी राखीव आहे का तेही बघ. मग वांद्रे पूर्वेच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाक, फी १० रुपये. तीनच प्रश्न लिही: खाणपट्टा कधी संपला, बंद करताना कुंपण आणि उतार करायची अट होती का, आणि ती पाळली गेली का हे कुणी, कोणत्या तारखेला तपासलं. उत्तर आलं की फोटो पाठव, पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो. तोपर्यंत गळ टाकायचाच असेल तर एकटा जाऊ नकोस, आणि कडेपासून लांब बस.