गाव सुटलं म्हणजे वावर सुटत नाही

भांडणात, दंगलीत किंवा बहिष्कारापायी एखादं कुटुंब गाव सोडून गेलं आणि त्याचं वावर दुसऱ्यानं पेरलं, की पारावर निकाल लागतो: ‘आता ते त्याचंच.’ मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून 1978मध्ये झालेल्या दंगलीत मराठवाड्यातल्या कित्येक दलित कुटुंबांना गावं सोडावी लागली. पारावरचे असे निकाल शेजारच्या वऱ्हाडातही लागतात. कायदा मात्र वेगळं सांगतो.

सगळ्यात घट्ट बसलेला गैरसमज बारा वर्षांचा. नुसतं बारा वर्षं पेरून कोणी मालक होत नाही. ताबा उघड, सलग आणि मालकाचा हक्क झुगारणारा हवा, आणि ते सिद्ध करायचं ओझं कब्जेदारावर असतं. बटईनं, मक्त्यानं किंवा ‘लक्ष ठेव’ म्हणून सोपवलेलं वावर परवानगीचं. तिथं नुसती वर्षं मोजून उपयोग नाही. पण मालकानं यावर निर्धास्तही राहू नये. जबरदस्तीच्या उघड कब्ज्याविरुद्ध बारा वर्षांत दावा केला नाही, तर 1963च्या मुदत कायद्यानं मालकाचा हक्कच संपतो. शिवाय असा कब्जेदार स्वतः दावा लावू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये म्हटलं आहे. भीतीनं गाव सोडलं, एवढ्यावरून ही मुदत थांबत नाही.

म्हणून पहिले सहा महिने मोलाचे. बेकायदा हुसकावलेल्या माणसाला या मुदतीत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली, मालकी सिद्ध न करताही, ताबा परत मागता येतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

सातबाऱ्याबद्दलही असाच गैरसमज आहे. त्यावरची नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण ती मालकी देत नाही. चुकीचा फेरफार झाला तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करा; उशिराचं सबळ कारण असेल तर तेही मांडता येतं. मालकीचा वाद पटवारी मिटवत नाही, दिवाणी न्यायालय मिटवतं.

‘धाकानं का होईना, खरेदीखत झालं, आता संपलं’ हेही खरं नाही. दहशतीखाली घेतलेली सही रद्द करून मागता येते, मात्र त्यासाठी साधारण तीनच वर्षं असतात.

पीडित अनुसूचित जाती-जमातीतला असेल तर जमीन बळकावणं आणि गाव सोडायला भाग पाडणं, दोन्ही अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हे आहेत. नियमांत जमीन परत मिळवून देण्याची तरतूद आहे. ‘हा तर दिवाणी वाद’ म्हणून पोलिसांनी परत पाठवलं, तर तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

तडजोड चांगलीच, पण साध्या स्टॅम्पवर पंचांनी सह्या केल्यानं जमीन फिरत नाही, नोंदणीकृत दस्त लागतो. 2023ची सलोखा योजना फक्त परस्परांच्या ताब्यातल्या जमिनींच्या अदलाबदलीसाठी आहे, एकतर्फी कब्ज्यासाठी नाही. लोकअदालतीतली तडजोड मात्र दिवाणी हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते.

वकिलाच्या खर्चाला भिऊन थांबू नका. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि जातीय अत्याचाराचे बळी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जुना सातबारा, फेरफार आणि शेतसाऱ्याच्या पावत्या घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे जा, तेही मुदत उलटायच्या आत.