पदकाआधी पगार

६ जानेवारी हा मराठी पत्रकार दिन. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, त्याची आठवण म्हणून. या दिवशी तालुक्याच्या गावी सत्कार होतात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, जमलं तर एखादं पाकीट. कुणी आपल्या वडिलांच्या नावाने ‘निर्भीड पत्रकारिता’ पुरस्कारही ठेवतो. हेतू चांगलाच असतो. पण स्थानिक शोधपत्रकारितेला दानातून बळ द्यायचं म्हणजे एवढंच, हा समज तपासून पाहायला हवा. त्याच्या आजूबाजूचे आणखी काही समजही.

गैरसमज: पुरस्कार दिले की शोधपत्रकारिता वाढते

जगात सगळ्यात नावाजलेला पुलित्झर पुरस्कार घ्या. जोसेफ पुलित्झर यांनी मृत्युपत्राने ठेवलेल्या पैशातून तो १९१७ पासून दिला जातो. बहुतेक विभागांत आज १५ हजार डॉलर मिळतात. सर्वांत मानाच्या ‘लोकसेवा’ विभागात मात्र रोख रक्कमच नाही. वृत्तसंस्थेला फक्त सुवर्णपदक मिळतं.

२०२० मध्ये हे पदक अलास्कातल्या ‘अँकरेज डेली न्यूज’ला आणि देणगीवर चालणाऱ्या ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता संस्थेला मिळून गेलं. अलास्कातल्या साधारण दर तीन वस्त्यांपैकी एकीत कुठल्याही प्रकारचा पोलीस नाही, हे त्यांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं होतं. स्टेबिन्स नावाच्या एका गावात तर नेमलेला प्रत्येक पोलीस घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला होता. अशी माहिती कुठल्याही कार्यालयात तयार मिळत नाही. रस्ताही न पोहोचणाऱ्या गावांत फोन लावत बसायचं, नोंदी मागायच्या, त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या. हे काम महिनोन्‌महिने चालतं. तेवढ्या काळात त्या वार्ताहराच्या नावाने रोज बातमी छापून येत नाही, पण पगार द्यावाच लागतो.

तो पगार ‘प्रोपब्लिका’च्या २०१८ मधल्या योजनेतून आला. या योजनेत निवडलेला वार्ताहर आपल्याच गावात, आपल्याच वृत्तपत्रात राहतो आणि त्याचं वर्षभराचं वेतन ‘प्रोपब्लिका’ देते. शिवाय अनुभवी संपादकाची आणि आकडेवारी तपासणाऱ्यांची मदत मिळते. ‘प्रोपब्लिका’ मुळात उभी राहिली ती सँडलर दांपत्याने वर्षाला सुमारे एक कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं म्हणून. पोलीस नसल्याची ती बातमी आल्यावर अलास्काच्या ग्रामीण भागात आणीबाणीची स्थिती असल्याचं अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलनी जून २०१९ मध्ये जाहीर केलं आणि एक कोटी पाच लाख डॉलरची तरतूद केली. पदक त्यानंतर जवळजवळ वर्षाने आलं. म्हणजे आधी पैसा, मग बातमी, मग परिणाम आणि शेवटी पुरस्कार. आपण हा क्रम उलटा धरतो.

आपल्याकडच्या तालुका वार्ताहराची स्थिती यापुढे ठेवून पाहा. अनेकांना ठरलेला पगारच नसतो. मानधन नावापुरतं आणि मिळवलेल्या जाहिरातींवर कमिशन. ज्या कारखान्याच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची पुरवणी काढायची, त्याच कारखान्याच्या उसाच्या वजनकाट्याची बातमीही त्यानेच करायची. वर्षातून एकदा अंगावर पडणाऱ्या शालीने हा पेच सुटणार कसा?

गैरसमज: पैसे देणारा बातमी ठरवतो

ही शंका रास्त आहे. फक्त ती दात्याबाबतच घेऊ नका, जाहिरातदाराबाबतही घ्या. दात्यांची यादी जाहीर करणं आणि बातम्या ठरवण्यात दात्याला हात घालू न देणं, ही चांगल्या ना-नफा वृत्तसंस्थांची पद्धत आहे. अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या अशा संस्थेला निवडणुकीत कुठल्या उमेदवाराला पाठिंबाही देता येत नाही. जाहिरातीवर चालणाऱ्या वृत्तपत्राला असं कुठलंच बंधन नाही.

मला खरा धोका वेगळाच वाटतो. दात्याचा हुकूम नव्हे, दात्याचं दैव. क्रिप्टो व्यवसायातल्या सॅम बँकमन-फ्राइड यांच्या कौटुंबिक प्रतिष्ठानाने ‘प्रोपब्लिका’ला ५० लाख डॉलर देऊ केले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांची कंपनी कोसळली तेव्हा त्यातला एक तृतीयांश भागच हाती आला होता. बाकीचे पैसे थांबले. एकाच मोठ्या दात्यावर उभी असलेली छोटी संस्था अशा वेळी बंद पडली असती.

गैरसमज: भारतात हे सगळं परदेशी पैशावर चालतं

कायदा नेमकं उलट सांगतो. २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचा वार्ताहर, स्तंभलेखक, व्यंगचित्रकार, संपादक, मालक, मुद्रक आणि प्रकाशक यांना परदेशी देणगी घेता येत नाही. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून ध्वनी किंवा दृकश्राव्य बातम्या देणाऱ्या कंपन्यांनाही नाही. पगार किंवा नेहमीच्या व्यवहारातला मोबदला तेवढा चालतो.

म्हणून भिस्त देशी दात्यांवर. माध्यमांना निधी देणाऱ्या, २०१५ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या ‘इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशन’च्या मागे अझीम प्रेमजी, रोहिणी निलेकणी अशी माणसं उभी राहिली. पण ही वाटही सोपी नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये प्राप्तिकर खात्याने या संस्थेच्या कार्यालयात ‘सर्वेक्षण’ केलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह’ या शोधपत्रकारांच्या संस्थेने आपला ना-नफा दर्जा प्राप्तिकर खात्याने काढून घेतल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास कन्नडमधल्या ‘द फाइल’वरही तीच वेळ आली. प्राप्तिकर कायद्यातल्या ‘धर्मादाय हेतू’च्या व्याख्येत शिक्षण आहे, वैद्यकीय मदत आहे, योगही आहे. पत्रकारिता नाही. ‘सार्वजनिक उपयोगाचं अन्य काम’ या मोघम शब्दांत ती बसवावी लागते आणि ती बसते की नाही, हे अधिकारी ठरवतो.

मुंबईतल्या काउंटरमीडिया ट्रस्टने २०१४ मध्ये सुरू केलेली ‘पारी’ ही ग्रामीण भारतावरची वृत्तसंस्था सरकारी पैसा घेत नाही. तिचे संस्थापक पी. साईनाथ स्वतः १९९३ मध्ये मिळालेल्या एका फेलोशिपमुळे देशातल्या सर्वांत गरीब जिल्ह्यांत मुक्काम करू शकले. त्यातून झालेल्या पुस्तकाचं मानधन त्यांनी ग्रामीण वार्ताहरांच्या पुरस्काराला दिलं. पुरस्कार द्यायचाच, तर ज्याच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही त्याला द्यावा.

गैरसमज: बातमी खरी असेल तर कोर्टाला काय भ्यायचं?

अमेरिकेतल्या, देणगीवर चालणाऱ्या ‘मिसिसिपी टुडे’च्या ॲना वोल्फ यांना २०२३ मध्ये पुलित्झर मिळालं. गरिबांसाठीच्या कल्याण निधीतले किमान ७ कोटी ७० लाख डॉलर भलतीकडे गेल्याचं प्रकरण त्यांनी लावून धरलं होतं. त्याच वर्षी राज्याचे माजी गव्हर्नर फिल ब्रायंट यांनी संस्थेवर बदनामीचा खटला भरला. निमित्त होतं त्या बातम्यांबद्दल संस्थेच्या प्रमुखांनी केलेल्या एका विधानाचं. ब्रायंट यांच्यावर या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नव्हता, हेही सांगायला हवं. खटला एप्रिल २०२५ मध्ये फेटाळला गेला. म्हणजे जिंकूनही पावणेदोन वर्षं वकिलांची फी सुरूच. आपल्याकडे तर बदनामी हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि बातमी खोटी निघाली तर? १८८२ मध्ये कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्यावर आरोप करताना टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांवर विश्वास ठेवला, ती बनावट ठरली. दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. खटल्यासाठी लोकांनी निधी जमवला होता. पण कागद पारखून घेण्याची सोय त्याआधी हवी होती. आजही दात्यांना सगळ्यात कमी सुचणारा खर्च हाच: छापण्याआधी कागद तपासणारा माणूस आणि मजकूर वाचून देणारा वकील.

तेव्हा घरातल्या कुणाच्या स्मरणार्थ ५१ हजारांचा पुरस्कार ठेवण्याचा विचार असेल, तर ती रक्कम एखाद्या जिल्हा वार्ताहराला एका विषयासाठी आधीच द्या. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, कागदांच्या प्रती पानाला २ रुपयांनी मिळतात. उरलेल्या पैशातून त्याचं पेट्रोल, अपिलाच्या फेऱ्या आणि वकिलाचा सल्ला भागवा. विषय त्याला निवडू द्या, बातमी छापून येईपर्यंत ती पाहायला मागू नका आणि पैसे दिल्याचं जाहीर करा.