पाण्याला भरपाई, माणसाला तारीख

अग्निशमन केंद्रातल्या फोमच्या कॅनवर तीन गोष्टी छापलेल्या असतात : कोणी बनवला, कोणत्या बॅचचा, कधीचा. आत पिवळसर, साबणाच्या पाण्यासारखं बुळबुळीत द्रावण असतं. सत्त्याण्णव लिटर पाण्याला तीन लिटर या प्रमाणात ते होजमधून ओढलं जातं आणि ब्रँचमधून पांढरा फेस उसळतो. आग विझते, फेस गटारात वाहून जातो. कॅन भंगारवाल्याकडे जातो, नाहीतर कुणाच्या तरी मोरीत पाणी भरायला. कॅनवरचा कागद आधीच भिजून गळालेला असतो.

त्या भिजलेल्या कागदाची किंमत किती, हे अमेरिकेतल्या न्यायालयांत गेली काही वर्षं ठरतं आहे.

फेस कुठून आला

तेलाला लागलेल्या आगीवर पाणी ओतलं तर पाणी तळाला जातं आणि जळतं तेल वर तरंगत पसरतं. म्हणून फेस लागतो. पूर्वी हा फेस जनावरांच्या खुरा-शिंगांच्या प्रथिनापासून बनायचा. गोधडी टाकावी तसा तो आगीवर पडायचा, पण जिथे पडला तिथेच राहायचा. 1960च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेने थ्रीएम कंपनीच्या मदतीने वेगळा फेस तयार केला. त्यातलं पाणी तेलावर पातळ पापुद्र्यासारखं आपोआप सरकत जातं आणि वाफा कोंडून टाकतं. याचं नाव ‘एक्वियस फिल्म फॉर्मिंग फोम’, म्हणजे एएफएफएफ. थ्रीएमने तो ‘लाइट वॉटर’ या नावाने विकला.

29 जुलै 1967 रोजी टोंकिनच्या आखातात ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर चुकून सुटलेल्या एका रॉकेटने आग लागली आणि 134 माणसं गेली. डेकवर एकीकडे फेस टाकला जात होता आणि दुसरीकडे पाण्याच्या होजने तोच धुऊन जात होता. अशा आगींनंतर नव्या फेसाची निकड कुणाला पटवून द्यावी लागली नाही. लष्करी तळ, विमानतळ, तेलशुद्धीकरण कारखाने, गावोगावची अग्निशमन केंद्रं अशा सगळ्या ठिकाणी तो पोचला. या फेसाने जीव वाचवले, हे कोणत्याही दाव्यात वादी नाकारत नाहीत.

पापुद्रा पसरवण्याची करामत होती फ्लोरिनयुक्त रसायनांची. त्या कुळाला आज पीफास म्हणतात. पीएफओएस आणि पीएफओए ही त्यातली सर्वांत बदनाम भावंडं. कार्बन आणि फ्लोरिनचा बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या सर्वांत चिवट बंधांपैकी एक. आग त्याला सहज तोडू शकत नाही म्हणून तो आगीवर चालतो. माती, जिवाणू आणि आपलं यकृतही त्याला तोडू शकत नाही, म्हणून तो मागे राहतो. शरीरातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच काही वर्षं लागतात.

आगी रोज लागत नाहीत, सराव मात्र नेमाने होतो. खड्ड्यात इंधन ओतायचं, पेटवायचं, फेसाने विझवायचं आणि उरलेलं जमिनीत मुरू द्यायचं. जवान त्या फेसात गुडघाभर उभे राहत. काही केंद्रांत त्यानेच बंब धुतले जात. साबणच तो, असा समज होता.

कोणाला काय माहीत होतं

1970च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांना रक्तपेढीतल्या सामान्य माणसांच्या रक्तात सेंद्रिय फ्लोरिन सापडलं. त्यांनी थ्रीएमकडे चौकशी केली. पुढे कंपनीच्याच प्रयोगशाळेत रक्तपेढीच्या नमुन्यांत पीएफओएस दिसलं. ते नसलेलं रक्त शोधताना कोरियन युद्धाच्या काळात सैनिकांचं साठवलेलं, म्हणजे या रसायनांचा प्रसार होण्याआधीचं, रक्त काढावं लागलं. मे 2000 मध्ये कंपनीने हे रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं. मिनेसोटा राज्याने केलेल्या दाव्यात 2018 मध्ये 85 कोटी डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांचा मोठा गठ्ठा जगासमोर आला.

खटल्यांसाठी हा गठ्ठा निर्णायक ठरला. ‘आम्ही सरकारच्या मागणीप्रमाणे, सरकारच्या मापाने माल बनवला, मग जबाबदारी आमची कशी?’ असा अमेरिकेत सरकारी कंत्राटदारांचा एक मान्य बचाव आहे. पण त्याला अट आहे : धोक्याबद्दल आपल्याला जे माहीत होतं ते सरकारला सांगितलेलं असलं पाहिजे. सप्टेंबर 2022 मध्ये न्यायाधीश रिचर्ड गर्गेल यांनी हा बचाव सुरुवातीलाच मान्य करून दावे निकालात काढायला नकार दिला.

गर्गेल साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनच्या फेडरल न्यायालयात बसतात. देशभरातले फेसाचे दावे डिसेंबर 2018 पासून त्यांच्यासमोर एकत्र आणले गेले. सुरुवात शंभराच्या आतल्या दाव्यांनी झाली. आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. वाद्यांत पाणीपुरवठा करणाऱ्या संस्था आहेत, राज्यं आहेत, विमानतळ आहेत, तळाशेजारच्या विहिरीचं पाणी प्यायलेली कुटुंबं आहेत आणि आग विझवणारे जवानही आहेत.

पाण्याची बाजू सोपी

इतक्या दाव्यांपैकी काही नमुन्यादाखल आधी चालवायचे असं ठरलं. पहिला मान फ्लोरिडातल्या स्टुअर्ट या छोट्या शहराला मिळाला. तिथल्या अग्निशमन दलाने वर्षानुवर्षं सराव केला आणि शहराच्या विहिरी बिघडल्या. 5 जून 2023 ला सुनावणी सुरू व्हायची होती. त्याच सकाळी ती थांबवली गेली, आणि महिना संपायच्या आत थ्रीएमने देशभरच्या पाणीपुरवठा संस्थांसाठी 1,030 कोटी डॉलर हप्त्यांनी द्यायचं कबूल केलं. ड्युपाँ आणि तिच्यातून निघालेल्या कंपन्यांचे 118.5 कोटी, 2024 मध्ये टायकोचे 75 कोटी आणि बीएएसएफचे 31.65 कोटी मिळवले, तर बेरीज साडेबाराशे कोटी डॉलरच्या वर जाते.

या रकमेत कुणाच्याही आजाराचा एक डॉलरही नाही. ती फक्त पाण्याची आहे : गाळण्या बसवायच्या, विहिरी बदलायच्या, तपासण्या करायच्या.

कारण पाण्याची केस मापात मांडता येते. एप्रिल 2024 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यात पीएफओएस आणि पीएफओए यांची मर्यादा प्रत्येकी एक लाख कोटीत चार भाग अशी ठरवली. आपल्याकडचा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. असे साडेबाराशे टँकर आणि त्यात मिळून एक थेंब, इतकी ती मर्यादा. थेंब जास्त भरला की गाळणी हवी, गाळणीला अमुक खर्च. हिशेब झाला.

माणसाचं तसं नाही. मूत्रपिंडाचा कर्करोग फेस न पाहिलेल्या माणसालाही होतो. जवानाच्या बाबतीत तर प्रतिवादीच्या वकिलाला आयतीच यादी मिळते : धूर, ॲस्बेस्टॉस, बंबाचं डिझेल, रात्रपाळ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचा व्यवसायच कर्करोगजनक ठरवला आणि 2023 मध्ये पीएफओएला त्याच पहिल्या गटात टाकलं. दोन्ही निष्कर्ष जवानाच्या बाजूचे वाटतात. न्यायालयात मात्र पहिल्याचा उपयोग करून दुसऱ्याला छेद देता येतो.

आजाऱ्यांच्या दाव्यांतही नमुन्यासाठी आधी निवडले गेले ते पेनसिल्व्हेनिया आणि कोलोरॅडोतल्या लष्करी तळांजवळचं पाणी पिणारे लोक. फेस हाताळणारे जवान रांगेत त्यांच्या मागे. मूत्रपिंडाच्या कर्करोगाची पहिली सुनावणी 20 ऑक्टोबर 2025 ला ठरली होती. ती सुरू व्हायच्या आधीच तडजोडीची बातमी आली आणि ज्युरी बसलीच नाही. स्टुअर्टच्या वेळी झालं तेच पुन्हा झालं. तडजोडीत पैसे मिळतात, पण ‘या फेसाने या माणसाला हा आजार झाला’ हे वाक्य कोणतंही न्यायपीठ उच्चारत नाही. मागच्या माणसाला ते पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं.

तीन न्यायालयं, एकच रक्त

ओहायोतल्या एका अग्निशामकाने वेगळी वाट धरली. चाळीस वर्षं आग विझवलेल्या या माणसाने आजाराची भरपाई मागितलीच नाही. माझ्या रक्तात पीफास आहे, देशातल्या जवळपास प्रत्येकाच्या रक्तात आहे. कंपन्यांच्या खर्चाने स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून त्याचा अभ्यास करून घ्या, एवढंच मागणं. खालच्या न्यायालयाने ओहायोतल्या एक कोटीहून अधिक रहिवाशांच्या वतीने दावा चालवायला परवानगी दिली. नोव्हेंबर 2023 मध्ये वरच्या न्यायालयाने तो फेटाळला. पीफासची संयुगं हजारो, कंपन्या अनेक. तुझ्या रक्तातला रेणू या दहा प्रतिवादींपैकी नेमका कोणाचा, हे तू दाखवलं नाहीस, असं न्यायालय म्हणालं. रेणूवर कंपनीचा छाप नसतो. छाप असतो कॅनवर.

त्यानंतर महिन्याभरात, 5 डिसेंबर 2023 ला, स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नाची दुसरी बाजू उलगडली. रोनेबीजवळच्या कालिंगे इथे हवाई तळावरचा फेस पाणवठ्यात उतरला होता आणि 2013 च्या अखेरीस ते उघड झालं. आजारी नसलेले लोकही न्यायालयात गेले. मधल्या न्यायालयाने त्यांना हरवलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रक्तात या रसायनांचं इतकं वाढलेलं प्रमाण हीच शारीरिक इजा आहे. आजार उमटायची वाट पाहायला नको. इथे प्रतिवादी पाणी पुरवणारी नगरपालिकेची कंपनी होती. पाणी कोणत्या नळातून आलं याचा वाद नव्हता, आणि रक्त तपासलेलं होतं.

तिसरं उदाहरण थोडं जुनं. पश्चिम व्हर्जिनियातल्या ड्युपाँच्या कारखान्याविरुद्ध पीएफओएबद्दल वकील रॉब बिलॉट यांनी लढवलेल्या दाव्यात 2004 ची तडजोड अशी होती : आधी शास्त्रज्ञांची समिती नेमायची आणि ती ज्या आजाराशी संबंध दाखवेल त्याबाबत कंपनीने सर्वसाधारण कार्यकारणभावावर वाद घालायचा नाही. सुमारे 69,000 लोकांनी रक्त दिलं. 2012 पर्यंत समितीने सहा आजारांशी संभाव्य संबंध दाखवला : मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. 2017 मध्ये साडेतीन हजारांवर आजाऱ्यांना मिळून 67 कोटी 7 लाख डॉलर मिळाले. आज फेसाचे वकील ज्या आजारांची नावं घेतात, त्यांतली बरीचशी या यादीतूनच आली आहेत.

तिन्ही प्रकरणांत रक्त तेच. फरक पडला तो मुख्यतः स्रोत ठाऊक होता का, या एका गोष्टीने.

रक्ताचीच आणखी एक गोष्ट. ऑस्ट्रेलियात 285 अग्निशामकांवर वर्षभर प्रयोग झाला. 2022 मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींनी दर सहा आठवड्यांनी रक्तद्रव दिला, काहींनी दर बारा आठवड्यांनी रक्त, काहींनी काहीच नाही. रक्त देणाऱ्यांच्या शरीरातलं पीएफओएस कमी झालं, रक्तद्रव देणाऱ्यांचं अधिक. आपल्या वैद्यांच्या रक्तमोक्षणाची आठवण यावी असा हा उपाय. प्रमाण उतरतं, आजार टळतो का, हे त्या प्रयोगाने तपासलेलं नाही.

आपल्या अंगणात

ऑक्टोबर 2017 मध्ये मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर, जुन्या बुचर आयलंडवर, वीज पडून डिझेलची टाकी पेटली. ती दिवसेंदिवस जळत राहिली आणि फेसाचा मारा करूनच विझवावी लागली. तेलाच्या मोठ्या आगीला सहसा फेसावाचून पर्याय नसतो. आपल्या आयएस 4989 या मानकात एएफएफएफ आहेच. फ्लोरिनमुक्त फेस आता मिळतो. अमेरिकी लष्कराने 2023 मध्ये त्यासाठी नवं मानक काढलं. आपल्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2020 मध्ये स्टॉकहोम कराराखालची सात घातक रसायनं बंदीसाठी मान्य केली, त्यांत पीएफओएस नाही.

लोटे परशुरामचं नावही या कथेत येतं. इटलीत व्हिचेन्झाजवळ त्रिसिनो इथे मितेनी नावाचा पीफासचा कारखाना होता. त्याने लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा पट्टा दूषित केला, 2018 मध्ये दिवाळं निघालं, आणि जून 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. सर्वांत मोठी शिक्षा सतरा वर्षांची. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आली. यंत्र आलं म्हणून पाणी बिघडलं, असा निष्कर्ष काढता येत नाही. पण आजूबाजूच्या विहिरींचं आजचं माप लिहून ठेवलं, तर उद्या ते गावकऱ्यांच्याही कामाला येईल आणि कंपनीच्याही.

आपला कायदा दिसायला दणकट आहे. दिल्लीच्या ऑलियम वायुगळतीनंतर 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धोकादायक उद्योगांवर निरपेक्ष दायित्व टाकलं. हयगय सिद्ध करावी लागत नाही. मात्र हानी तिथूनच आली, हे दाखवावंच लागतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे भरपाई मागायची, तर कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून पाच वर्षांची मुदत. वीस वर्षांनी गाठ होऊन उगवणाऱ्या रसायनाला ही मुदत कशी लावायची, यावर वकिलांची भांडणं होतील. तेव्हा टेबलावर काय पडलेलं असेल, हे आज ठरतं.

म्हणून पुन्हा त्या कॅनकडे. प्रत्येक अग्निशमन केंद्रात साठ्याची नोंदवही असते. किती लिटर आला, किती गेला, एवढंच बहुधा तिच्यात लिहिलं जातं. शेजारी आणखी चार रकाने आखायचे : उत्पादक, बॅच, कुठे वापरला, हजर कोण होतं. ओहायोतल्या त्या माणसाकडे चाळीस वर्षांची नोकरी होती, तपासलेलं रक्त होतं, वकील होते. हे चार रकाने नव्हते.