मेनूवरची प्रत्येक हालचाल म्हणजे आज्ञा नव्हे

जावाच्या स्विंगमध्ये पहिलाच मेनू बांधणारे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडतात. ‘मदत’ नावाच्या जेमेनूला ते अ‍ॅक्शनलिसनर जोडतात, त्यावर क्लिक करतात आणि काहीच घडत नाही. कंपायलरही तक्रार करत नाही, कारण जेमेनू हा जेमेनूआयटमचा उपवर्ग. लिसनर जोडायची सोय त्याला वारशातच मिळालेली असते. पण क्लिक झाल्यावर जेमेनू फक्त खालची यादी उघडतो. अ‍ॅक्शन इव्हेंट येतो तो यादीतल्या जेमेनूआयटमकडून. यादी उघडल्या-मिटल्याची खबर हवी असेल, तर मेनूलिसनर लावावा लागतो.

विंडोजच्या मूळ एपीआयमधला गैरसमज जास्त धोक्याचा आहे. डब्ल्यूएम_मेनूसिलेक्ट हा संदेश आला म्हणजे वापरकर्त्याने पर्याय पक्का केला, असे अनेकांना वाटते. वास्तविक पर्याय नुसता उजळला तरी तो येतो, मेनू मिटतानाही येतो. स्टेटस बारमध्ये पर्यायाची माहिती दाखवायला तो उत्तम. मात्र फाइल पुसण्याचे काम त्याच्यावर सोपवले, तर ‘पुसा’वरून माउस सरकताच फाइल जाईल! खरी आज्ञा डब्ल्यूएम_कमांडमधून येते. क्यूटी या सी++ टूलकिटमध्ये हाच भेद ‘होव्हर्ड’ आणि ‘ट्रिगर्ड’ या सिग्नलांत आहे.

‘मेनू म्हणजे माउस’ ही समजूत तर फारच पसरलेली. त्यापायी काही जण पर्यायावर माउसलिसनर बसवतात. मग आल्ट दाबून, बाणांच्या कळांनी पर्यायापर्यंत जाऊन एंटर मारणाऱ्याला कार्यक्रम दादच देत नाही. कंट्रोल-एसही वाया जाते. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीचा सारा वावर कीबोर्डवरच असतो. तिच्यासाठी असा मेनू बंद दारासारखा. अ‍ॅक्शन इव्हेंटला मात्र निवड माउसने झाली की कळेने, याचे सोयरसुतक नसते. डब्ल्यूएम_कमांडही दोन्ही वाटांनी येतो. आज्ञा मेनूतून आली की शॉर्टकटने, हे हवेच असेल, तर डब्ल्यूपॅरॅमच्या वरच्या शब्दात मेनूसाठी 0 आणि शॉर्टकटसाठी 1 असतो.

टिक लागणाऱ्या पर्यायांची गंमत वेगळी. टिक बदलली म्हणजे वापरकर्त्यानेच बदलली, हे गृहीत धरता येत नाही. कार्यक्रम सुरू होताना जुन्या सेटिंग्ज वाचून कोडच टिक लावतो. क्यूटीत त्या वेळी ‘टॉगल्ड’ सिग्नल निघतो, ‘ट्रिगर्ड’ निघत नाही. स्विंगमध्ये आयटम इव्हेंट येतो, अ‍ॅक्शन इव्हेंट येत नाही. वापरकर्त्याच्या कृतीलाच उत्तर द्यायचे असेल, तर प्रत्येक जोडीतला दुसरा इव्हेंट ऐकावा.

पायथनच्या टीकेइंटरमध्ये चूक एवढ्याशा कंसाची असते. ‘कमांड’ला फंक्शनचे नाव द्यायचे असते; नावापुढे कंस टाकले की फंक्शन मेनू बनतानाच चालून मोकळे होते आणि पुढे क्लिक केल्यावर शांतता.

आणि पर्याय निवडताच खिडकी गोठली, तर दोष सहसा मेनूचा नसतो. स्विंगमध्ये लिसनरमधला कोड इव्हेंट डिस्पॅच थ्रेडवर चालतो आणि पडदा रंगवण्याचे कामही त्याच थ्रेडवर होते. लिसनर मोठी फाइल वाचत बसला की खिडकी ताटकळते. यासाठी 2006 साली आलेल्या जावा 6 मध्ये स्विंगवर्कर हा वर्ग मिळाला. त्यातले लांबलचक काम पार्श्वभूमीच्या थ्रेडवर होते आणि शेवटचा ‘डन’ परत इव्हेंट थ्रेडवर चालतो. निकाल पडद्यावर दाखवणारा कोड तिथेच लिहावा.